राहिलेल्या कामांची व्यवस्था

कामांची यादी ठेवणाऱ्या ॲपची तुलना बहुधा किंमत, रंगरूप आणि सोयी यांवरून केली जाते. तिचा उपयोग बेताचाच, कारण झालेले काम सगळीच ॲप सारख्याच तत्परतेने खोडतात. खरा फरक कळतो तो न झालेल्या कामाशी ॲप कसे वागते यावरून. त्यासाठी येथे ‘माळा आवरणे’ हे काम नमुन्यादाखल घेतले आहे. हे काम दसऱ्याच्या आधी नोंदवले जाते आणि पाडव्यापर्यंत सहज टिकते.

पहिला प्रकार हिशेब ठेवणाऱ्यांचा. २००७ मध्ये सुरू झालेल्या टुडूइस्टमध्ये मुदत टळली की तारीख लाल होते. काम केले की ‘कर्मा’ नावाचे गुण मिळतात आणि काम चार दिवस किंवा अधिक रखडले की ते कापले जातात. पन्नास हजार गुणांवर ज्ञानप्राप्तीची पायरी आहे. फळाची अपेक्षा न धरता माळा आवरू इच्छिणाऱ्यांना सेटिंगमध्ये जाऊन कर्मा बंद करता येतो. थकलेल्या सर्व कामांना एका फटक्यात पुढची तारीख देण्याचीही सोय आहे. कोर्टाच्या फेऱ्या मारलेल्यांना ती चटकन समजते.

दुसरा प्रकार पोटात घालणाऱ्यांचा. मायक्रोसॉफ्ट टू डूमधील ‘माय डे’ ही यादी रोज मध्यरात्री कोरी होते. माळा मूळ यादीत शाबूत असतो आणि सकाळी सूचनांच्या रांगेत अदबीने उभा राहतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये बर्लिनच्या कंपनीचे वंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. वापरणाऱ्यांना आपल्या याद्या टू डूमध्ये हलवता आल्या. ॲप गेले, माळा राहिला.

तिसरा प्रकार मांडून ठेवणाऱ्यांचा. २०११ च्या ट्रेलोमध्ये कामाचे कार्ड ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ अशा रकान्यांतून पुढे सरकवतात. ही कानबान पद्धत टोयोटाच्या कारखान्यातली. तिथे तिने मोटारी बाहेर पडतात. घरी माळा बराच काळ ‘चालू’मध्ये राहतो. ‘कार्ड एजिंग’ सुरू केल्यास हात न लावलेले कार्ड हळूहळू फिकट होते आणि त्यातल्या ‘पायरेट’ पद्धतीत जुन्या नकाशासारखे पिवळे पडून फाटते. खुद्द माळ्यावरच्या कागदांचेही तेच होत असल्याने दोन्हींची प्रगती ताडून पाहता येते.

चौथा प्रकार शिक्षा करणाऱ्यांचा. हॅबिटिकामध्ये वापरणारा खेळातले पात्र असतो. ‘माळ्यावरचा एक डबा रोज उघडणे’ असे दैनिक काम लावून ते चुकवले, तर पात्राचे आयुष्य घटते. गट करून राक्षसाशी लढाई चालू असेल, तर एकाच्या कुचराईचा मार साऱ्या गटाला बसतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना याचे वेगळे प्रशिक्षण लागत नाही.

पाचवा प्रकार वास्तववाद्यांचा. टिकटिकमध्ये पंचवीस मिनिटांचे पोमोडोरो घड्याळ आहे. तेवढ्या वेळात माळ्यावरचा पहिला खोका उघडून त्यातले जुने फोटो बघून होतात. त्यानंतरही काम उरल्यास, म्हणजे नेहमीच, ते ‘करणार नाही’ या पर्यायाने निकालात काढता येते. काम झालेल्यांच्या पंगतीत बसते आणि यादी स्वच्छ होते. यादी घरच्यांबरोबर शेअर केलेली असल्यास हा पर्याय विचारपूर्वक वापरावा.