जीप नटवावी की जपावी?

ज्यांच्या गोठ्यात, पडवीत किंवा उसाच्या बांधावर पन्नास वर्षांपूर्वीची जीप उभी आहे आणि तिच्यावरून घरात दोन तट पडले आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. प्रस्तुत लेखकाला या विषयाचा अकरा वर्षांचा अनुभव आहे. या अकरा वर्षांत जीप दोन फूट हलली, तीही गोठ्याचे पत्रे बदलायचे होते म्हणून.

नियम पहिला : गाडी कोण आहे ते आधी ठरवा.

समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. नऊ भरल्या तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धातली विलीज किंवा फोर्ड. अशा वेळी हे मार्गदर्शन बाजूला ठेवून आधी गोठ्याला कुलूप घाला. सात भरल्या तर गाडी बहुधा तुमच्या-आमच्यासारखी, नागरी. त्यात बॉनेट कपाळ वर केल्यासारखं उंच असेल, तर ती सीजे-३बी. विलीजने तिच्यात बसवलेल्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर होते. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटला वर सरकावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं. महिंद्रांनी १९४९ पासून मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली होती. त्यांनी मात्र हे उंच कपाळ पुढेही कितीतरी वर्षं चालवलं. आमची जीप १९६८ ची. म्हणजे तिकडे सुतक लागलं त्या साली इकडे बारसं झालं.

नियम दुसरा : जीपने न केलेला पराक्रम तिच्या अंगावर रंगवू नये.

हा नियम आमच्या दादासाठी आहे. दादाला गाडी लष्करी हिरवी करून बॉनेटवर पांढरा तारा काढायचा आहे. शिवाय मागे एक पेट्रोलचा डबा आणि एक फावडं. अहो, या गाडीने आयुष्यात एकच लढाई पाहिली, साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची. तीत आमचे आबा पडले. वर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना लावता येतो. हे दादाला सांगितलं, तर तो म्हणतो, “मग थोडा फिकट मारू.”

नियम तिसरा : कोणत्या सालची जीप हवी, ते घरात एकमताने ठरवा.

एकमत होणार नाही. तरीही ठरवा.

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. स्टेपनीच्या ब्रॅकेटमागे आणि डॅशबोर्डच्या पोटात पाहिलं, तर कंपनीचा मूळ राखाडी रंग अजून सापडतो. त्यावर आत्याच्या लग्नात मारलेला निळा आहे. निळ्यावर आबांच्या निवडणुकीतला पिवळा. हुडाचं कापड तीनदा बदललं, त्यातलं एकदा मांडववाल्याकडच्या कनातीचं होतं. स्टीअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण कधीतरी पडलं. आबांनी डॅशबोर्डला भोक पाडून तिथे दारावरच्या घंटीचं काळं, गोल, बेकलाइटचं बटण बसवलं. ते दाबलं की जीप ओरडायची आणि शेजारच्या काकू “कोण आहे?” म्हणून दार उघडायच्या.

आता सांगा, हे बटण मूळचं आहे की नाही? एक जाणकार गृहस्थ मुद्दाम गाडी बघायला आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, बोटाने बटण ठोकलं आणि “हे काढावं लागेल” असं म्हणाले. त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

नियम चौथा : खिशात लोहचुंबक असू द्या.

त्याला फडकं गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवा. चिकटला तिथे पत्रा, घसरला तिथे लांबी. पत्रा निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर गाडी जपण्याजोगी आहे. लांबीच जास्त निघाली तर तुम्ही जपणार तरी काय? पण आधी चेसी पाहा, मग बॉडी. आम्ही नेमकं उलटं केलं.

नियम पाचवा : जपणे आणि पडू देणे यांत फरक आहे.

इथे आवाज जरा खाली आणतो, कारण हा नियम माझ्यासाठी आहे. दादा नटवणारा, मी जपणारा, अशी आमच्याकडे वाटणी आहे. पण अकरा वर्षं मी जपलं म्हणजे वरून ताडपत्री टाकली आणि आल्यागेल्याला पॅटिनावर व्याख्यान दिलं. ताडपत्रीखाली ओल धरते. तळाचा पत्रा चाळणी झाला तो दादामुळे नाही.

जपायला नटवण्याइतकेच कष्ट लागतात. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. चाकं ठोकळ्यांवर उचला. बंद इंजिन असेल तर प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग हँडलने हळू फिरवा. थेट स्टार्टर मारू नका. ब्रेकची रबरं, पाइप आणि वायरिंग मुकाट्याने नवीन घाला, तिथे इतिहासप्रेम नको. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पोत्यात ठेवा. सँडब्लास्टिंगवाल्याला मात्र शेवटी बोलवा. तो गंज काढतो, त्याबरोबर निळा, पिवळा, राखाडीही काढतो.

नियम सहावा : सरकारचं मत विचारात घ्या.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. आबांनी पेट्रोल परवडेना म्हणून मटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. मूळचं हरिकेन गोठ्यामागे पोत्याखाली आहे, त्यात उंदीर आहेत. ते परत बसवणं नटवण्यात धरायचं की जपण्यात, यावर दादा आणि मी गेला गणपती अख्खा भांडलो. आरतीला दोघेही उशिरा पोचलो.

नियम सातवा : स्टीअरिंग डावीकडे असेल तर डावीकडेच राहू द्या.

दादा ते उजवीकडे न्यायचं म्हणतो. त्याला आठवत नाही, मला आठवतं. पुढे उसाची ट्रॉली असली की आबांना समोरचं काही दिसत नसे. मग उजवीकडे बसणाऱ्याने बाहेर डोकावून सांगायचं, “जाऊ द्या!” ते काम माझं होतं. मी आठ वर्षांचा होतो आणि आबा माझ्या एका शब्दावर ट्रॉली ओलांडत होते.

जाता जाता एक विनंती. गेल्या दिवाळीत मी ते काळं बटण चालतंय का हे पाहायला गेलो आणि त्याची टोपी हातात आली. दादाला अजून माहीत नाही. तसलं जुनं, गोल, बेकलाइटचं बटण कोणाकडे पडून असेल तर कृपया कळवावं. पांढरं प्लास्टिकचं चालणार नाही.