उलट करा बघू

प्रत्येक घराण्यात अशी एक बाई असतेच, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. तुम्ही नवा शर्ट घालून गेलात की बाकीचे नातेवाईक "छान आहे हं" म्हणून चहाकडे वळतात. ही तुमच्या शर्टाचं टोक चिमटीत धरते, उलटं करते, नखाने टीप खरवडते आणि नुसतं "हं" म्हणते. त्या एका "हं"मध्ये कापडवाला, शिंपी, तुम्ही आणि तुमची अक्कल अशा चौघांचा निकाल लागलेला असतो.

आमच्याकडे हे खातं माझ्या बायकोच्या मावशीकडे आहे. जावई म्हणून ती मला अहोजाहो करते, पाट मांडून जेवायला वाढते. पण "जावईबापू, उलट करा बघू जरा" म्हणत तिचा हात माझ्या कॉलरमागे गेला की नात्याचा सगळा संकोच संपतो.

पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. स्वागतसमारंभाची रांग, मावशी स्टेजवर. उजव्या हाताने पाकीट दिलं, तोवर डावा हात नवऱ्यामुलाच्या शेरवानीखाली पोचलेला. "फ्यूजिंग चिकटवलंय. कॅनव्हास नाहीये आत. दोनदा धुतली की फुगे येतील," असं तिने नवरीला, मुलाला नोकरी नसल्याचं कळवावं अशा आवाजात सांगितलं. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. अल्बममध्ये नवरामुलगा स्वतःच्या शेरवानीची कड बघतोय आणि नवरी नवऱ्याकडे.

शिवण नसलेल्या वस्तूंचीही सुटका नाही. ताटातली पोळी ती आधी उलटते. लग्नपत्रिका उलटून छापखान्याचं नाव वाचते. एकदा एका प्रदर्शनात जुन्या साड्यांची गोधडी कापून केलेली जाकिटं टांगली होती, किंमत ऐकून घाम फुटावा अशी. मावशीने एक उलटं केलं. आत कापडाच्या कडा तशाच सोडलेल्या, दशा लोंबतायत. स्टॉलवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "काकू, ते रॉ एज आहे. मुद्दाम ठेवलंय."

"आमच्याकडे त्याला कंटाळा म्हणतात," मावशी म्हणाली.

हे प्रकरण तिथेच संपायचं. पण त्याच डिसेंबरात मी पहाटे फिरायला जायचा संकल्प सोडला आणि त्यासाठी चौकड्यांची टीप मारलेलं, आत भरण असलेलं एक जाकीट मॉलमध्ये अंगावर चढवून पाहिलं. सोबत दुर्दैवाने मावशी. जाकीट माझ्या अंगात असतानाच तिने त्याचा खालचा घेर वर केला. पर्समधून टेप काढली (पर्समध्ये टेप असतेच) आणि टाके मोजले. "इंचाला सहा! अहो, गोणी शिवतात अशी. कपड्याला दहा तरी नकोत?"

"मॅडम, ब्रँडेड आहे," विक्रेता.

"असू दे. घरी होतं हे."

झालं. "घरी होतं" हे शब्द मावशीच्या तोंडून निघाले की पुढचे काही आठवडे घर तिचं असतं. रविवार पेठेतून पॉलिफिलची शीट आली. मी कापूस सुचवला होता; तो धुतल्यावर गोळा होतो म्हणून फेटाळण्यात आला. बाहेरून जाडं तपकिरी सुती, आतून तिची एक मऊ झालेली नऊवारी. नवं कापड आधी रात्रभर पाण्यात, कारण आटायचं ते आत्ताच आटू दे. मग हॉलमध्ये तिन्ही थर अंथरले, सेफ्टी पिना टोचल्या, आणि आम्ही घरातली माणसं भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाऊ लागलो.

मला वाटलं होतं, आधी बेतायचं, मग शिवायचं. चूक. आधी टीप, मग कात्री. कारण टिपा पडत जातात तसं कापड चारी बाजूंनी आत ओढलं जातं. आधी बेतलंत तर जाकीट शेजारच्या पोराला द्यावं लागतं. आणि टिपा घालायच्या त्या मधून बाहेर. "आमची आई गोधडी कडेने धरायची आणि गोल गोल आत यायची," मावशी सांगत होती, "पण ते हाताचं. हात कापडाचं ऐकतो, मशीन नाही ऐकत." तिच्या काळ्या पायमशीनला अठरा नंबरची सुई लावली. तरी मुंढ्याच्या जाडीवर सुया कटाकट मोडल्या. मग शिवणीत सापडलेलं भरण तिने छोट्या कात्रीने आतून कातरून काढलं आणि प्रत्येक शिवणीवर तिरप्या पट्टीचं पायपिंग चढवलं. आतून. सगळं आतून.

जाकीट पूर्ण झालं. हिशेबात रिक्षाभाडं आणि सुया न धरता ते दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडलं. आतली बाजू बघत राहावी अशी: एक दोरा बाहेर नाही, पायपिंग सरळ, नऊवारीचा काठ मधोमध पाठीवर. बाहेरच्या बाजूचं काय बोलावं? डावा खिसा उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. घातलं की मी खात्यातून निलंबित झालेल्या पोस्टमनसारखा दिसतो.

"आतून दाखवा त्यांना," हे पुढे आलंच. कोणाच्याही घरी गेलो की मला दारातच जाकीट काढून उलटं धरावं लागे. लोक आधी दचकत, मग काठाला हात लावत.

वैताग येतो, यात शंका नाही. पण एक गोष्ट बायकोने सांगितली, ती मला थोडी उशिरा कळली. मावशीने तीसेक वर्षं घरी बसून साड्यांना फॉल-बिडिंग केलं. फॉल लागतो आतल्या बाजूला, पायाशी. टाका सुलट बाजूला दिसला तर काम वाईट, आणि दिसला नाही तर न दिसणाऱ्या कामाचे पैसे द्यायला बायका चार दिवस लावणार. शहरातल्या निम्म्या पैठण्या तिने आतून पाहिल्यात. नेसलेली एकही नाही. हातमागाची अस्सल पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, पदरावरचा मोर उलटीकडूनही मोरच असतो. यंत्रावरच्या नकलेला मागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. हे तिला डोळे मिटून, बोटाने कळतं.

आमच्या नात्यातल्या एका साखरपुड्यात मुलीच्या आईने भिशी लावून, सोनं मोडून घेतलेली पैठणी कौतुकाने पुढे केली. मावशीने सवयीने पदर उलटला. मागे धागेच धागे. सगळ्यांनी श्वास रोखला. मावशीने पदर पुन्हा सरळ केला, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रंग फार सुरेख निवडलात." घरी येईपर्यंत कोणाला काही बोलली नाही.

मी ते जाकीट नीट पाहिलं तेही त्यानंतरच. बगलेत, मुंढ्याच्या आत, तिने चांगली दीड इंच माया दाबून ठेवलीय. मी सुटणार हे तिने धरूनच चाललं होतं.

अलीकडे तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी समजावलं: अगदी बारीक छेद, टाका घालावा लागत नाही, आपोआप मिटतो. मावशीला हे पटेना. "टाका न घालता बंद कसं होईल? नंतर उसवलं तर?" डॉक्टर हसले, पण ती हसली नाही. उलट करून बघण्याची सोय नव्हती म्हणून ते काम निभावलं.

पट्टी निघाल्यावर आम्ही भेटायला गेलो. मी मुद्दाम जाकीट घालून. मावशीने नव्या डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी नजर डाव्या खिशाकडे. म्हटलं, आता दिसणार.

"उलट करा बघू."

केलं. ती नऊवारीवर वाकली आणि बराच वेळ बोट फिरवत राहिली. "ही रांग वाकडी गेलीय हो, पाठीची. काढा अंगातून, उसवते."

"मावशी, आतून कोण बघतंय? आणि खिसा..."

"खिशाला काय झालंय?"

जाकीट तिच्याकडेच आहे. बहुतेक फेब्रुवारीत मिळेल, थंडी गेल्यावर.