थर्मोस्टॅटचं बलिदान

निफाडचा पारा घसरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. आमच्या जुन्या छोट्या गाडीत बसून ते बघताना द्राक्षांचा हेवा वाटतो. हीटरची दांडी लाल टोकापर्यंत सरकवायची, पंखा फुल्ल करायचा, आणि तोंडावर घ्यायचा तो थेट फ्रिजमधला वारा.

मिस्त्रींना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, थर्मोस्टॅट मीच काढला ना उन्हाळ्यात. गाडी तापत होती." म्हणजे इंजिन साधारण ८० अंशांवर जाईपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे फिरकू न देणारी ती इवलीशी झडप थेट भंगारात! तेव्हापासून पाणी पहिल्या मिनिटालाच रेडिएटरमध्ये हवा खायला जातं. इंजिन तापत नाही, हीटर तापत नाही. तापतो तो मालक.

नवा थर्मोस्टॅट बसला. तरी वारा कोमटच. मग मिस्त्रींनी हीटरच्या दोन पाइपांना हात लावला. एक चटका देणारा, दुसरा गार. जाळी तुंबलेली. कूलंट महाग म्हणून वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पाजलं होतं (हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही). उलट्या बाजूने पाणी मारल्यावर टपरीवरच्या चहासारखा गाळ निघाला. मिस्त्री कौतुकाने बघत म्हणाले, "एवढं लोखंड गेलं, तरी गाडी चालतीये बघा!"

आता हीटर झकास. फक्त होळी आठवड्यावर आलीये आणि मिस्त्रींचा फोन आलाय, "काढून ठेवू का थर्मोस्टॅट?"