उतारवय

सिंहगडावरून निघायचं, राजगड-तोरणा करत वेल्ह्यात उतरायचं आणि हे सगळं पळत करायचं, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. "येताना कोथिंबीर आण," एवढंच ती म्हणाली.

या नादाचं मूळ घोड्यांत आहे. कॅलिफोर्नियात घोड्यांची शंभर मैलांची शर्यत असते, वेळ 24 तास. 1974 साली गॉर्डी एन्सली नावाचा गडी त्यात घोड्याशिवायच उतरला आणि 23 तास 42 मिनिटांत पोचला. पण त्या शर्यतीत जागोजागी पशुवैद्य असतात. घोडा लंगडताना दिसला की बाद. मी राजगडाखाली लंगडत आलो, तर तिथल्या पोरानं हातात केळं कोंबलं आणि ओरडला, "भारी, काका! आता थोडंच राहिलं!" थोडंच म्हणजे तोरणा. समुद्रसपाटीपासून 1403 मीटर. या थोडंच-वाल्यांना एकदा अख्खा मार्ग पळायला लावला पाहिजे.

राजगडाच्या संजीवनी माचीची चिलखती तटबंदी अप्रतिम आहे म्हणतात. मी ती बुटांकडे बघत पार केली.

पोचलो. पदक मिळालं. रात्री वेल्ह्यात एका घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपलो, इथवर सगळं ठीक होतं. खरा घात उतार करतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार तोलतात आणि आतून बारीक बारीक फाटतात. बरं, दुखणं लगेच येत नाही. रात्रभर विचार करून सकाळी येतं. त्या घरचा संडास भारतीय पद्धतीचा होता. त्याविषयी मी आयुष्यात कुणाशी बोलणार नाही.

स्वारगेटच्या एसटीत मी दांडा धरून हातांच्या जोरावर चढलो. कंडक्टर शांतपणे बघत होते. मी बसल्यावर अदबीनं म्हणाले, "बाबा, आधार कार्ड दाखवा. पंचाहत्तरच्या वर फुकट आहे." मी सेहेचाळीसचा आहे. पूर्ण तिकीट मागितल्यावर त्यांनी माझ्याकडे अधिकच काळजीनं पाहिलं.

स्वारगेटला सगळे उतरले. मी दारात उभा. खाली तीन पायऱ्या. डावा पाय पुढे केला, गुडघा म्हणाला नको. उजव्याचंही तेच मत. मागून एक आजी आल्या, हातात पिशवी.

"पडलास का रं?"

"नाही. पळालो."

"कोण मागं लागलं हुतं?"

उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

"उलटा हो," त्या म्हणाल्या. "शिडीवरनं उतरत्यात तसा. गुडघं गेल्यापास्नं मी अशीच उतरती." आणि खरोखरच माझ्या बाजूनं सरकून, पाठ रस्त्याकडे करून त्या खाली गेल्या, पिशवी ठेवली आणि वर हात करून माझं मनगट धरलं. "डावा सोड... आजून... हां, टेकला."

आई गेल्यापासून माझं मनगट असं कुणी धरलं नव्हतं. डोळे भरून आले. मांडी दुखतेय म्हणून, असं मी चेहऱ्यानं सुचवलं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"थांब की रं!" आजी कडाडल्या. "म्हातारं माणूस उतरतंय, दिसंना व्हय?"

आजी केव्हाच उतरल्या होत्या.