गुरुवारपुरतं बोलणं

"काकी, काल झोप लागली का?"

"कसली झोप! गणपतीच्या डॉल्बीनं फडताळातली भांडी नाचत होती. साताऱ्यात राहतोय का कारखान्यात, कळेना."

"आमचं पोरगंही होतं त्यात. घरी आल्यावर विचारलं, गाणं कुठलं होतं रे? त्याला सांगता येईना."

"घ्या! आमच्या मिरजेत ये एकदा उरुसाला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं मोठमोठे गवय्ये गाऊन जातात. खाँसाहेब गेले 1937 साली, तिकडं मद्रासच्या मुलखात, प्रवासात. पण माती मिळाली ती मिरजेची, त्याच दर्ग्यात."

"झालं तुमचं माहेर सुरू! मग माझंही ऐका. आमच्या औंधात अंतूबुवा जोशींनी गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ 1940 साली संगीत उत्सव सुरू केला. पुढं त्यांच्या मुलानं, गजाननबुवांनी चालवला. अजून होतो. एवढंसं गाव, पण पुण्या-मुंबईची माणसं येऊन मांडी घालून बसतात."

"मुंबईची येतात गं. गावातली किती येतात ते सांग."

"येतात की... थोडी. पण पूर्वी तरी सगळे कुठं बसत होते? माझी आजी म्हणायची, बैठक पुरुषांची. बायकांनी दाराआडून ऐकायचं, तेही चुलीवरचं सांभाळून."

"ते खरंच. जुनं सगळं सोन्याचं नव्हतं. पण गाण्याला माणसं लागायची, एवढं मात्र होतं. मिरजेचा तंबोराच बघ. भोपळा पिकवणारा शेतकरी पंढरपूरकडचा, घडवणारे आमच्या गल्लीतले शिकलगर. मूळचे हे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तसे सतार-तंबोऱ्याकडं वळले. आणि त्यांनी जवारी लावलेला तंबोरा वाजणार कुणा बुवांच्या देवघरात. कुणी कुणाची जात विचारत बसलं असतं, तर तार जुळली असती का?"

"त्या वाद्यांना जीआय मानांकनही मिळालं ना?"

"2024 ला. कौतुक झालं, पण गिऱ्हाईक? आता तंबोरा मोबाईलमध्येच वाजतो. पूर्वी गवय्यामागं दोन शिष्य तंबोरे घेऊन बसायचे, बसल्या बसल्या शिकायचे. मोबाईल काय शिकणार?"

"पण काकी, पोरांचंही थोडं ऐका. आमचा एरवी कानात बोंडं घालून खोलीत पडलेला असतो. गणपतीत मात्र दारोदार वर्गणी मागत फिरला, मांडवाचे बांबू बांधले, रात्री राखणीला बसला. ज्या घरांत मी कधी गेले नाही, तिथल्या आजीबाई आता मला त्याची खुशाली विचारतात."

"मग डॉल्बी चांगला म्हणतेस?"

"डॉल्बी नव्हे हो, वर्गणी! माणसं जोडली ती बांबू बांधताना. डॉल्बी लागला तेव्हा एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं."

"हे मात्र पटलं. नुसतं ऐकून कोण कुणाचं होतंय? सतरंजी उचलावी लागते, दुसऱ्याच्या सुराला आपला सूर लावावा लागतो. असं कर, गुरुवारी त्याला भजनाला पाठव. टाळाला माणूस कमी पडतोय."

"यायचा नाही."

"नंतर शिरा असतो म्हणून सांग."

"मग येईल. पण पेटीला कोण? कोपऱ्यावरच्या वहिनीच ना? तुमचं तर त्यांच्याशी दिवाळीपासून बोलणं बंद!"

"बंदच आहे. पण सूर त्या देणार, अभंग मी उचलणार. काळी दोन का काळी चार, विचारायला नको? गुरुवारी तेवढं बोलावंच लागतं."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी परत बंद. पण तिच्या सुनेचं काय चाललंय ते मला गुरुवारीच कळतं. ये इकडं जवळ, सांगते."