बांधकामकाका

प्रत्येक गोतावळ्यात एक तरी बांधकामकाका असतात. त्यांनी आयुष्यात एकच घर बांधलेलं असतं, तेही १९९४ साली, सातारला. पण तेवढ्या भांडवलावर ते सगळ्या नातेवाइकांच्या वास्तू तडीला नेतात. पाया खणताना ते फिरकत नाहीत. स्लॅबच्या दिवशी पेढा खाऊन जातात. खरे उगवतात ते घरात शेडकार्ड आलं की.

आल्या आल्या ते फरशीवर बैठक मारतात आणि खिशातलं रुपयाचं नाणं काढून टाइलच्या चारही कोपऱ्यांवर वाजवतात. कुठे बद्द आवाज आला की चेहरा उजळतो. "पोकळ! खाली माल कमी भरलाय." मग भिंतीवर तळवा फिरवून त्याला लागलेली पुट्टीची भुकटी घरमालकाच्या नाकासमोर धरायची. बाथरूममध्ये अनवाणी पाऊल सरकवून बघायचं. "ग्लॉसी टाइल? खुबा मोडून घ्यायचाय का?" ग्रॅनाइटचा ओटा पाहून त्यांना स्वतःचा कडप्पा आठवतो, आणि रंगाचा डबा पाहून आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू. "डब्यावर गट्टू होता तोवर रंग रंगासारखा होता," असं म्हणून ते चहा मागवतात.

इकडे घरात पंधरा दिवस महायुद्ध पेटलेलं असतं. सासूबाईंना सगळीकडे मोतिया हवा. सूनबाईंना हॉलची एक तरी भिंत मोरपंखी. मोबाइलवर परदेशातली घरं बघून बसलेल्या चिरंजीवांना छतापासून सनमायकापर्यंत सगळं करडं आणि मॅट. वडिलांना कुठलाही रंग चालतो, फक्त तो लस्टरपेक्षा स्वस्त हवा. पेंटरने भिंतीवर मारलेले सात पॅच सात पक्षांच्या झेंड्यांसारखे दिसू लागलेले असतात.

अशा वेळी काका तोंड उघडतात. "आमच्यासारखं करा. वर आकाशी, खाली कमरेएवढा चॉकलेटी ऑइलपेंट. पोरांनी तेलकट हात पुसले तरी कळत नाही."

क्षणभर शांतता. मग सासूबाई, "अहो, सरकारी दवाखाना वाटेल!" सूनबाई चक्क म्हणतात, "आईंचं बरोबर आहे." आणि पाच मिनिटांत पिस्ता रंग ठरतो. तो मुळात कुणालाच नको असतो. पण काकांनी सुचवलेला नसतो, एवढी लायकी त्याला पुरते. घराघरांतली एकी टिकवण्याचं काकांचं हे कार्य अजून कुणी मोजलेलं नाही.

मात्र निघताना, चपला घालता घालता, ते एक वाक्य बोलतात. "प्लास्टरला आठवडाभर पाणी मारलंत, छान केलंत. आता महिनाभर भिंत वाळू द्या. आतली ओल बाहेर पडताना रंगाला घेऊनच पडते." हे मात्र शंभर टक्के खरं असतं. पण दोन मिनिटांपूर्वी चॉकलेटी पट्टा सुचवणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? शिवाय अक्षय्य तृतीया दहा दिवसांवर आलेली, भटजी ठरलेले, जिलबीची ऑर्डर गेलेली. पेंटर सगळं ऐकतो आणि प्रायमरचा डबा उघडतो. भिंत लवकर बिघडली तर पुन्हा बोलावणं त्यालाच येणार, हे त्याला ठाऊक असतं.

वास्तुशांतीला घर झकास दिसतं. आषाढात पश्चिमेची भिंत फुगते. आधी बोटाएवढे फोड, मग तळहाताएवढे पोपडे. बातमी पोचताच काका छत्री झाडत हजर. नखाने एक पोपडा अलगद सोलतात, उजेडात धरतात, मान हलवतात. घरातले सगळे खाली बघत उभे. आता महिनाभर वाळवण्याचा उद्धार होणार, आणि तो मुकाट्याने ऐकून घ्यावा लागणार.

"तरी मी म्हणत होतो," काका सुस्कारा टाकतात. "पिस्ता भिंतीला धरतच नाही. आकाशी मारायला हवा होता."

सासूबाई आणि सूनबाई एकमेकींकडे बघतात. दुसऱ्या रंगाची निवड चार मिनिटांत होते.