बंद करून बघणारे सर

मुखेडमध्ये संगणक जाणणाऱ्या माणसाला ‘सर’ म्हणतात. तो कोणाला काही शिकवत असो वा नसो. या सरांतला एक प्रकार असा, की तक्रार कोणतीही असली तरी त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते : “ते आधी बंद करून बघा.” ‘ते’ म्हणजे संगणकाला मिळालेले कुठलेही संरक्षण.

सरांचे खरे दर्शन घडते ते वापरकर्त्यांच्या बैठकीत. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट वर्षानुवर्षे वार ठरवून, विषय जाहीर करून जमतो. मुखेडला वार ठरवावा लागत नाही. सर्व्हर डाउन झाला की बैठक भरते. सेवा केंद्रात अर्ज घेऊन बसलेले लोक बाकावरच राहतात आणि केंद्रचालक चहाच्या टपरीवर येतात. सोबत लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा डिझायनर, पतपेढीचा कारकून, टायपिंग क्लासवाले. अध्यक्ष नेमलेला नसतो. चहाचे पैसे ज्याला द्यावे लागत नाहीत, तो अध्यक्ष, म्हणजे सर.

पहिला विषय बहुधा अंगठ्याचा. “सर, अंगठा घेईना झालंय.” अंगठ्याचे यंत्र, त्याची संगणकात चालणारी सेवा, ब्राउझर आणि सरकारी साइट ही चौघे एकमेकांना भेटल्याशिवाय बाकावरच्या मामांची ई-केवायसी होत नाही. या भेटीच्या आड येणारा पहिला संशयित म्हणून सर फायरवॉलचे नाव घेतात. फायरवॉल बंद होते. अंगठा तरीही घेत नाही. मग ब्राउझरच्या इशाऱ्यांची पाळी येते. अखेर यंत्राची वायर सैल होती असे निघते. वायर घट्ट होते. फायरवॉल मात्र बंद ती बंदच राहते, कारण चालू झालेल्या मशीनला हात लावायचा नाही हे सरांचे दुसरे तत्त्व.

परवानगी विचारणाऱ्या चौकटीशी सरांचे जुने वैर आहे. ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ असे विचारणारी ही चौकट २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर घरोघरी आली आणि तिने इतका वैताग दिला की २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचा जाच कमी-जास्त करायला चार टप्प्यांची सरकपट्टी द्यावी लागली. गंमत म्हणजे हा वैताग मुद्दामच होता. सतत प्रशासकाचे अधिकार मागणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना शहाणपण यावे म्हणून लोकांना त्रास देण्याचा हेतू असल्याचे मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी २००८ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. सरांनी त्यातला त्रास तेवढा घेतला. कोणत्याही नव्या मशीनवर त्यांचा पहिला संस्कार म्हणजे ती पट्टी तळाला ओढणे.

मशीनमध्ये आणखी आतली संरक्षणेही असतात. डेटा म्हणून ठेवलेला मजकूर हुकूम म्हणून चालू न देणारे संरक्षण विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, २००४ साली आले. प्रोग्रामचे भाग स्मृतीत दर वेळी वेगळ्या जागी ठेवण्याची युक्ती त्याच सुमारास रुळू लागली. तिजोरीची किल्ली रोज निराळ्या कोनाड्यात ठेवावी, तशी. ही दोन संरक्षणे सरांच्या तडाख्यातून बरीचशी वाचली आहेत. ती कधी काही विचारत नाहीत, त्यामुळे ती आहेत हेच सरांना कळलेले नाही.

विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसचे तसे नाही. डिझायनरकडचे सॉफ्टवेअर विकतचे नसते. ते चालवणाऱ्या ‘क्रॅक’बरोबरच्या कागदात ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही पहिली ओळ असते, आणि सर सूचना वाचतात त्या एवढ्याच. परंतु बंद केलेला डिफेंडर थोड्या वेळाने आपोआप जागा होतो. सर याला कृतघ्नपणा समजतात. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की तपासणीतून वगळायच्या जागांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकायचा. पहारेकरी जागा राहतो, फक्त त्याने घराकडे बघायचे नसते.

तरीही सरांना सुरक्षेचा अभिमान आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी करणाऱ्या कैलास काटकरांची गोष्ट ते नव्या पोरांना आवर्जून सांगतात. २०१८ साली पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी कसे गेले, हेही ते पतपेढीच्या कारकुनाला आवाज खाली आणून ऐकवतात. कारकून घाबरून “मग आमचं काय करायचं?” असे विचारतो. “अपडेट बंद ठेवा,” सर म्हणतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरची मशीन बंद पाडली, तेव्हा त्याच्यावरचा इलाज मार्चमध्येच अपडेटमधून आला होता, ही बाब त्या बैठकीत कोणी काढत नाही.

दिवाळीला हिंजवडीहून आलेला एखादा पोरगा मात्र काढतो. तो लिनक्स टाकायला सांगतो, त्यातल्या सेलिनक्स या संरक्षणाचे गुण गातो. सर शांतपणे विचारतात, “त्यात अंगठा चालतो का?” पोरगा जरा थांबतो. मग त्याच्या ऑफिसात सर्व्हर अडला की काय करतात, हे सर काढून घेतात. तिथेही पहिला हुकूम सेलिनक्स गप्प करण्याचाच असतो. लोकांनी ते बंद करू नये म्हणून मेजर हेडन नावाच्या लिनक्सतज्ज्ञाला वेगळे संकेतस्थळ काढावे लागले, यावरून सरांची जात मुखेडपुरती नाही हे उघड आहे. हिंजवडीत तिच्या गळ्यात ओळखपत्र असते, एवढाच फरक.

सरांच्या बाजूनेही बोलायला हवे. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैला संपते. त्या संध्याकाळी सातबारा हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला इंग्रजीतल्या लाल चौकटीचा अर्थ सांगत बसायला वेळ कोणाला असतो? संरक्षण लिहिणाऱ्याने गृहीत धरलेला वापरकर्ता निवांत असतो, एकटा असतो आणि त्याची वीज जात नाही. सरांच्या पुढ्यात पन्नास माणसे असतात. त्यांचा इलाज चुकीचा असला तरी अर्ज भरून होतो, आणि चोर आला तर तो नंतर येणार असतो.

सर्व्हर सुरू झाल्याची हाक आली की बैठक संपते. ज्यांचा संगणक कधी काळी अशा सरांच्या हातून गेला असेल, त्यांनी विंडोज सिक्युरिटी उघडून वगळलेल्या जागांची यादी एकदा पाहावी. तिथे सी ड्राइव्ह दिसला तर ती ओळ काढून टाकावी, फायरवॉल चालू करावी आणि सरांना सांगू नये.